शिशाच्या गोळ्यांचे ओतकाम

शिसे वितळवून ते दोन अर्ध्यांच्या साच्यात ओतणे आणि ते थिजल्यावर साचा उघडून भरीव, गोल गोळी काढून घेणे या कृतीस शिशाच्या गोळीचे ओतकाम म्हणतात. शिशाचा वितळबिंदू कमी (३२७.५° से.) असल्यामुळे भट्टी, भाता किंवा खास मूस यांवाचून, साध्या चुलीवर व लोखंडी भांड्यातही हे काम करता येते. त्यामुळे धातूंच्या ओतकामाच्या प्रकारांत हा घरगुती प्रकार होय. परंतु शिसे वितळविणे जितके सोपे तितकेच त्याची निर्दोष गोळी ओतणे अवघड आहे. गोळीच्या पृष्ठावर सुरकुत्या, खळगे, झालरी, डाग किंवा खरबरीतपणा दिसून येतो. हे दोष कशामुळे उत्पन्न होतात आणि ते कसे ओळखावेत व टाळावेत, याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

गोळ्यांचा उपयोग मुख्यत्वे दोन ठिकाणी होत आला आहे : ठासणीच्या बंदुकीत आणि मासे धरण्याच्या जाळ्यात. महाराष्ट्राच्या पूर्व टोकास असलेल्या गोंदिया जिल्ह्यात (१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा काढलेला) या दोहोंचीही परंपरा आढळते. भंडारा व गोंदिया हे तलावांचे जिल्हे म्हणून प्रसिद्ध आहेत. कोहळी समाजाने बांधलेले सिंचन तलाव, मालगुजारीच्या काळातील गावतलाव, तसेच नवेगाव बांध, बोदलकसा, चोरखमारा यांसारखे विस्तीर्ण जलाशय यांत आणि वैनगंगा, वाघ, चुलबंद या नद्यांत ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करीत आला आहे. फेकजाळे पाण्यावर गोल पसरून पडावे आणि त्याचा घेर मासा निसटण्यापूर्वी तळाशी टेकावा, म्हणून घेराच्या दोरीत जड मणी ओवलेले असतात. पूर्वी ते भाजलेल्या मातीचे असत. पुढे शिशाचे व लोखंडाचे आले. या जिल्ह्याच्या दक्षिण व पूर्व भागांतील अर्जुनी मोरगाव, देवरी, सालेकसा हे तालुके वनाच्छादित असून या टापूत ठासणीच्या बंदुकीला ‘भरमार’ असे म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू, कापडाची किंवा काथ्याची गुडदी आणि शेवटी शिशाची गोळी भरावयाची, यावरून हे नाव पडले आहे.

बंदुकीच्या गोळ्यांसंबंधी येथेच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये अग्निशस्त्र व दारूगोळा बाळगण्यास आणि तयार करण्यास अनुज्ञप्ती लागते. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग व तो तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश होतो. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू झाल्यापासून वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे आणि नागझिरा व नवेगाव येथील वने २०१३ पासून व्याघ्र राखीव क्षेत्रात मोडतात. तेव्हा बंदुकीच्या गोळीचा विचार येथे मुख्यतः ऐतिहासिक व तांत्रिक दृष्टीने केला आहे. अनुज्ञप्तीवाचून घरी करता येण्याजोगे ओतकाम म्हणजे जाळ्याच्या मण्यांचे व गळाच्या वजनांचे होय. दोहोंतील दोष व त्यांची कारणे मात्र एकच आहेत.

इतिहास : भारतात बंदुकांचा परिणामकारक उपयोग पानिपतच्या पहिल्या लढाईत (१५२६) झाला. तेव्हापासून तोड्याच्या बंदुकीबरोबर गोळीचा साचाही सर्वत्र पसरला. हाताने घडविलेल्या बंदुकांच्या नळ्या एकमेकींशी जुळत नसत, म्हणून प्रत्येक बंदुकीला तिचा स्वतंत्र साचा लागे. सांडशीसारखे दोन दांडे असलेला लोखंडी किंवा पितळी साचा, तसेच संगजिऱ्यासारख्या मऊ दगडात कोरलेला साचा असे दोन प्रकार प्रचलित होते. ‘बारा बोर’ या आजही रूढ असलेल्या शब्दप्रयोगाचे मूळ शिशाच्या गोल गोळीतच आहे. एक पौंड शिशापासून ज्या व्यासाच्या बरोबर बारा गोळ्या होतात, त्या व्यासाची नळी म्हणजे बारा बोर. अशा गोळीचे वजन ३७.८ ग्रॅ. व व्यास सुमारे १८.५ मिमी. भरतो. ब्रिस्टल येथील विल्यम वॉट्‌स यांनी १७८२ मध्ये एका निराळ्या पद्धतीचे एकस्व घेतले. वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून पाण्यात सोडले असता पडतापडताच थेंब गोल होऊन थिजतात. या पद्धतीने बारीक छरे विपुल प्रमाणात होऊ लागले. परंतु मोठ्या गोळीला साचा अपरिहार्यच राहिला. १८४९ मध्ये मिन्ये यांची निमुळती गोळी आली व आटे पाडलेल्या नळ्यांचा प्रसार झाला. त्यानंतर सैन्यातून गोल गोळी हळूहळू नाहीशी झाली. गुळगुळीत नळीच्या ठासणीच्या बंदुकीत मात्र ती टिकून राहिली.

शिशाचे ओतकामातील वर्तन : दोषांची कारणे समजण्यास शिशाचे तीन गुणधर्म ध्यानात घ्यावे लागतात. पहिला म्हणजे त्याच्या अंगी उष्णतेचा साठा फार थोडा असतो. एक ग्रॅम शिसे थिजताना जी सुप्त उष्णता बाहेर पडते ती तितक्याच पाण्याचे बर्फ होताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या सुमारे चौदाव्या हिश्श्याइतकीच असते. म्हणून गार साच्याचा स्पर्श होताच शिसे क्षणार्धात गोठते. दुसरा म्हणजे वितळलेल्या शिशाचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे सहा पट असतो. ते साच्याच्या पृष्ठाला पाण्यासारखे चिकटत नाही, तर अळूच्या पानावरील पाण्याप्रमाणे स्वतःशीच गोळा होऊ पाहते. तिसरा गुणधर्म आकुंचनाचा. द्रवरूप शिसे थिजताना त्याचे घनफळ सुमारे साडेतीन टक्क्यांनी कमी होते आणि ही तूट कोठून तरी भरून निघावी लागते. सुरकुत्या पहिल्या दोन गुणधर्मांतून, तर पोकळ्या तिसऱ्यातून निर्माण होतात. यांत भर पडते ती ऑक्साइडाची. हवेत उघड्या असलेल्या वितळलेल्या शिशावर सतत साय धरते आणि ही साय धातूबरोबर साच्यात गेली, की गोळीवर डाग व खळगे पडतात.

साधने व कृती : जाड बुडाचे लोखंडी भांडे, लोखंडी पळी, साचा आणि मळी काढण्याचा झारा एवढी साधने पुरतात. ॲल्युमिनियमाचे पातळ भांडे तापल्यावर मऊ पडून दगा देण्याचा संभव असतो, म्हणून ते वापरू नये. शिशासाठी एकदा वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकाकडे नेऊ नये. शिसे वितळल्यावर त्यात मेणाचा किंवा राळेचा लहानसा खडा टाकून सुक्या लाकडी दांडक्याने ढवळतात. मेण व राळ यांचे कार्य अभिवाहाचे असते. त्यांच्या योगाने ऑक्साइडाचा काही भाग पुन्हा धातुरूप होतो व उरलेली मळी मोकळी होऊन वर येते. ती काढून टाकल्यावर पळी धातूत बुडवून तापवून घेतात आणि एका संथ, अखंड धारेने साचा भरतात. साच्याच्या ओतमुखावर थोडा जादा धातू उभा राहील इतके ओतणे आवश्यक असते. हा जादा धातू म्हणजे गोळीचा देठ. तो केवळ वाया जाणारा भाग नव्हे. आत थिजणाऱ्या गोळीला कमी पडणारा धातू त्याच्याकडूनच मिळतो.

जवळजवळ शुद्ध शिशासाठी ३७०° ते ४३०° से. तापमान योग्य ठरते. तापमापक नसल्यास देठाकडे लक्ष ठेवावे. तो ओतताक्षणीच थिजला, तर धातू किंवा साचा गार आहे; तीन ते पाच सेकंदांनी त्याची चमक जाऊन तो मंद दिसू लागला, तर तापमान योग्य आहे; आणि बराच वेळ तो पाण्यासारखा हलत राहिला, तर साचा अतितप्त झाला आहे, असे समजावे. भांड्यातील धातूची साय काढताच त्यावर पिवळा व मागोमाग जांभळा–निळा पापुद्रा धरू लागला, तर धातू अवाजवी तापला आहे. यातील पिवळा पदार्थ म्हणजे मुर्दाडशिंग (शिशाचे ऑक्साइड) होय.

पृष्ठदोष : सर्वांत सार्वत्रिक दोष म्हणजे सुरकुत्या. गोळीच्या अंगावर वाळलेल्या आवळ्यासारख्या वळ्या दिसतात आणि काही वेळा दोन वळ्यांमध्ये बारीक भेगही राहते. धातूची एक लाट साच्याच्या भिंतीवर थिजते, तिच्यावर दुसरी येते आणि दोन्ही एकजीव होत नाहीत. लाटांच्या या सीमारेषा म्हणजेच सुरकुत्या. याचे नेहमीचे कारण साचा गार असणे हे होय. पहिल्या पाचदहा गोळ्या सुरकुतलेल्या निघणे हा दोष नसून ती साचा तापण्याची रीत आहे. त्या बाजूला ठेवून पुन्हा भांड्यात टाकावयाच्या असतात. पुष्कळ नवशिके येथेच चुकतात. पहिली गोळी वाईट निघाली, की ते थांबून साचा न्याहाळीत बसतात. तेवढ्यात साचा आणखी गार होतो आणि पुढची गोळी अधिकच सुरकुतते. न थांबता ओतत राहणे हाच येथे उपाय आहे. साच्याचा कोपरा क्षणभर धातूत बुडवूनही तो तापविता येतो.

परंतु सुरकुत्यांचे दुसरेही कारण असते आणि ते पहिल्यासारखेच दिसते, त्यामुळे निदानात घोटाळा होतो. साच्याला गंज चढू नये म्हणून लावलेले तेल खाचेत राहिले असल्यास तप्त धातूच्या स्पर्शाने त्याची वाफ होते आणि ही वाफ धातूला भिंतीपासून दूर ढकलते. या सुरकुत्या गोल कडांच्या, काहीशा खोलगट असून त्यांच्याजवळ बहुधा तपकिरी डाग असतो. थंडीमुळे पडलेल्या सुरकुत्या गोळ्यांगणिक कमी होत जातात. तेलाच्या सुरकुत्या मात्र बराच काळ त्याच जागी येत राहतात. साचा राखेने किंवा साबणाच्या कढत पाण्याने घासून, पूर्ण वाळवून आणि मंद तापवून मगच वापरल्यास हा दोष जातो. त्यानंतर जळत्या दिव्याच्या काजळीचा पातळ थर खाचेवर धरावा, अशी जुनी रीत आहे. काजळीमुळे धातूची उष्णता भिंतीत सावकाश जाते आणि गोळीही सहज सुटते; थर जाड झाला, तर मात्र गोळी लहान व खरबरीत निघते.

जाळ्याच्या मण्याला दोरीसाठी छिद्र लागते, म्हणून त्याच्या साच्यातून एक लोखंडी सळई आरपार घालतात. ही सळई बाहेर राहत असल्यामुळे साच्यापेक्षा नेहमीच अधिक गार असते. परिणामी मण्याचे बाकीचे अंग गुळगुळीत असूनही छिद्राभोवती किरणांसारख्या सुरकुत्या पडतात. प्रत्येक ओतापूर्वी सळई भांड्याच्या कडेवर टेकवून तापविली व तिला काजळी धरली, तर हा दोष नाहीसा होतो.

तापमानाची दुसरी टोकाची बाजू म्हणजे दहिवरलेली गोळी. साचा फार तापला, की गोळीची चमक जाऊन तिच्यावर दव गोठल्यासारखा करडा, दाणेदार थर दिसतो. धातू सावकाश थिजल्याने स्फटिक मोठे होतात व ते पृष्ठावर उठून दिसतात. अँटिमनीयुक्त शिशात हा प्रकार शुद्ध शिशापेक्षा लवकर दिसतो. अशी गोळी फेकून देण्याची प्रथा आहे. पण तिचे कारण नाही. मंद दहिवर हा बहुधा साचा पूर्ण भरल्याचाच पुरावा असतो. दोन ओतांमधील अंतर थोडे वाढविले, की तो जातो. दहिवराबरोबर देठाशी खड्डा पडू लागला, तर मात्र तापमान खरोखरीच कमी करावयास हवे.

साच्याच्या जोडावर गोळीभोवती पातळ झालर आली, तर दोन्ही अर्धे नीट मिटलेले नसतात. बहुतेक वेळा त्यांच्यामध्ये शिशाचा एखादा कण अडकलेला असतो. तो काढावयास चाकू किंवा कानस वापरल्यास साच्यावर कायमचा ओरखडा पडतो व मग झालर दर गोळीला येते. बांबूच्या कामटीने तो कण काढणे श्रेयस्कर. बिजागरी सैल झाल्यासही हा दोष येतो. मग दोन्ही अर्धे एकमेकांवर सरकलेले असून गोळी किंचित लांबट भरते. बंदुकीच्या गोळीची झालर ठासताना दबून जाते. जाळ्यात मात्र ती अधिक उपद्रवी ठरते, कारण तिची धार नायलॉनच्या धाग्यावर सतत घासते आणि जाळे नेमके घेराच्या दोरीपाशी फाटते.

बारीक, काळपट खळगे हे मळीमुळे पडतात. असा खळगा टोकरला असता त्यातून करडी भुकटी निघते. पळीच्या वरच्या ओठावरून ओतताना साय धारेबरोबर येते. म्हणून पळी भरण्यापूर्वी पृष्ठावरील साय बाजूला सारावी किंवा तळाशी भोक असलेली पळी वापरावी. भिंती गुळगुळीत, आतून चकचकीत व कोरडे असे खळगे मात्र अडकलेल्या हवेचे किंवा वाफेचे असतात. मातीच्या व प्लॅस्टरच्या साच्यांत ते विशेष येतात. हे साचे बाहेरून वाळलेले दिसले, तरी त्यांच्या आत ओल असते. त्यांना कित्येक तास मंद आचेवर भाजावे लागते. धातूच्या साच्यात हवा निसटण्यास वाट नसल्यास जोडाच्या पृष्ठावर केसाएवढ्या बारीक रेघा पाडतात. त्यांतून हवा जाते, परंतु पृष्ठताणामुळे शिसे शिरत नाही. ज्या गुणधर्मामुळे सुरकुत्या पडतात तोच येथे उपयोगी पडतो.

धातूच्या मिश्रणातूनही पृष्ठदोष उद्भवतात. शुद्ध शिशावर नखाने ओरखडा पडतो. त्यात एक ते दोन टक्के कथील घातल्यास पृष्ठताणाचा परिणाम कमी होऊन साचा चांगला भरतो. छापखान्यातील जुने खिळे शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रधातूचे असल्याने ते थोडे मिसळले तरी गोळी रेखीव व कठीण निघते. ठासणीच्या बंदुकीसाठी मात्र शिसे मऊच असावे लागते. याउलट जस्ताचा लहानसा अंशही सर्व काम बिघडवितो. वाहनांच्या चाकांवरील तोल साधण्याच्या वजनांपैकी काही जस्ताची असतात. ती शिशात विरघळली, तर धातू तांदळाच्या कण्यांच्या पेजेसारखा दाट व गुठळ्यांचा होतो आणि कितीही तापविले तरी गोळ्या अर्धवट व खडबडीत येतात. जस्त ४१९.५° से. ला वितळते व शिशापेक्षा हलके असते. म्हणून अनोळखी मोडीचे शिसे प्रथम मंद आचेवर वितळविल्यास जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात व ते काढून टाकता येतात. एकदा जस्त मिसळलेले शिसे घरगुती साधनांनी शुद्ध करता येत नाही.

ओतल्यानंतर काही महिन्यांनी दिसणारा एक दोष वेगळाच असतो. गुळगुळीत गोळीवर पांढरी भुकटी धरते. हा पदार्थ म्हणजे शिशाचे कार्बोनेट, रंगकामातील सफेता. काही लाकडांतून व पुठ्ठ्यातून निघणारी अम्लधर्मी वाफ आणि ओलसर हवा यांमुळे तो तयार होतो. गोळ्या किंचित तेल लावून काचेच्या बरणीत ठेवल्यास तो होत नाही. ही भुकटी विषारी असल्याने कोरड्या फडक्याने झटकू नये.

आतील पोकळी : आतापर्यंत सांगितलेले दोष डोळ्यांना दिसतात. सर्वांत गंभीर दोष मात्र पुष्कळदा अत्यंत देखण्या गोळीत दडलेला असतो. गोळी बाहेरून आत थिजत जाते आणि आकुंचनाची तूट शेवटी थिजणाऱ्या भागात, म्हणजे मध्याजवळ किंवा देठाच्या खाली साचते. देठ लवकर थिजला, तर तूट भरून निघण्याचा मार्ग बंद होतो व तेथे पोकळी राहते. पोकळी मध्याच्या एका बाजूस असल्याने गोळीचा गुरुत्वमध्य ढळतो आणि उडालेली गोळी वाकडी जाते. मण्याच्या बाबतीत तो हलका भरतो व दबला जाऊन फुटतो.

हा दोष शोधण्यास वजन हाच खात्रीचा मार्ग आहे. शिशाची घनता दर घन सेंमी. ला ११.३४ ग्रॅ. असल्यामुळे १५ मिमी. व्यासाच्या भरीव गोळीचे वजन २० ग्रॅ. येते. तिच्यात ४ मिमी. व्यासाची पोकळी असल्यास वजनात सु. ०.३८ ग्रॅ. घट होते, २ मिमी. पोकळीने ती ०.०५ ग्रॅ. पेक्षाही कमी असते. पहिली घट कोणत्याही चांगल्या तराजूवर कळते, दुसरीला सोनाराचा काटा लागतो. एकाच साच्यातील व एकाच धातूच्या पंचवीसतीस गोळ्या तोलल्या, की बहुतेक एका वजनाभोवती जमतात. त्यांच्यापासून हलक्या बाजूला दूर पडलेल्या गोळ्या बिनदिक्कत पुन्हा भांड्यात टाकाव्यात, मग त्या कितीही सुबक असोत. उपाय म्हणून देठ भरपूर ठेवणे, पळी ओतमुखाजवळ धरून धार न तोडणे आणि देठ पूर्ण थिजण्यापूर्वी साचा न हलविणे या तीन गोष्टी कराव्यात. गोळ्या ढोलात घोळवून गुळगुळीत करण्याची पद्धत आहे. तिने सुरकुत्या पुसल्या जातात, पोकळी मात्र तशीच राहते.

निदानाची रीत : दोष दिसताच तापमान, साचा व धातू हे सर्व एकदम बदलणे ही सामान्य चूक आहे, त्यामुळे दोष गेला तरी कारण कळत नाही. ओतलेल्या गोळ्या क्रमाने मांडून ठेवल्यास त्या क्रमातच बहुधा उत्तर सापडते. जो दोष गोळ्यांगणिक ओसरत जातो तो उष्णतेचा. जो प्रत्येक गोळीवर त्याच जागी येतो तो साच्याचा : तेल, ओरखडा, अडकलेला कण किंवा गार सळई. जो जागा बदलत हिंडतो तो धातूतील मळीचा किंवा ओतणाऱ्याच्या हाताचा. आणि जो सुरुवातीस नसून काम लांबल्यावर येऊ लागतो तो साचा अतितप्त झाल्याचा किंवा भांड्यातील कथील ऑक्साइडरूपाने मळीत निघून गेल्याचा असतो.

धोके : सुरकुत्यांवरील सोपा उपाय उष्णता वाढविणे हा आहे आणि घरगुती ओतकामातील खरे संकटही तेथेच सुरू होते. ४५०° से. पर्यंत शिशाची वाफ अल्प असते, ५००° से. च्या वर ती झपाट्याने वाढते आणि ऑक्साइडाची सायही वेगाने धरते. म्हणून धातू अधिक तापविण्यापेक्षा साचा तापविणे केव्हाही चांगले. या वाफेला वास नसतो, त्यामुळे कोणतीही पूर्वसूचना मिळत नाही. त्याहूनही मोठा धोका मळीच्या भुकटीचा आहे. ती हातांवर, कपड्यांवर व जमिनीवर बसते आणि तेथून तोंडात जाते. काम करीत असताना बिडी ओढणे हा शिसे शरीरात जाण्याचा अगदी सरळ मार्ग होय. मणी किंवा गळाची वजने दातांनी चावून दोरीवर घट्ट करण्याची सवयही तशीच घातक आहे. शरीरात गेलेले शिसे हाडांत साठते व तेथे अनेक वर्षे राहते. पोटातील कळ, बद्धकोष्ठ, पांडुरोग, हातापायांची दुर्बलता आणि हिरड्यांच्या कडेस निळसर रेषा ही प्रौढांतील लक्षणे होत. मुलांच्या आतड्यांतून शिसे प्रौढांपेक्षा चार ते पाच पट अधिक शोषले जाते आणि त्यामुळे त्यांच्या बुद्धीच्या वाढीवर कायमचा परिणाम होतो. शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रतिपादन आहे. म्हणून हे काम स्वयंपाकघरात किंवा अंगणातील चुलीवरही करू नये. घरापासून दूर, मोकळ्या जागी, वारा पाठीवर घेऊन, मुले व गर्भवती स्त्रिया जवळ नसताना ते करावे आणि नंतर कपडे वेगळे धुवावेत.

दुसरे संकट पाण्याचे. वितळलेल्या शिशात ओला तुकडा, ओली पळी किंवा पावसाचा थेंब धातूच्या आत गेल्यास पाण्याची एकाएकी वाफ होऊन सर्व धातू उसळतो व चेहऱ्यावर येतो. म्हणून पावसाळ्यात उघड्यावर ओतकाम करू नये. मोडीतील दुमडलेल्या तुकड्यांत पाणी दडलेले असते. ते भांडे गार असतानाच घालून धातूबरोबर हळूहळू तापवावेत. डोळ्यांवर चष्मा, पायांत बंद जोडा आणि जाड सुती कपडे हवेत. विद्युत् घटमालांच्या (बॅटऱ्यांच्या) पट्ट्या वितळविणे कटाक्षाने टाळावे. त्यांत अम्ल व शिशाची संयुगे असतात आणि काही मिश्रधातूंच्या मळीला ओल लागल्यास आर्सीन व स्टिबीन हे अत्यंत विषारी वायू निघतात. वापरलेल्या बॅटऱ्या अधिकृत संकलन केंद्रांतच द्याव्यात अशी तरतूद २००१ पासून असून सध्या त्यासाठी २०२२ चे नियम लागू आहेत.

जाळ्यातून तुटून पडलेले मणी तलावाच्या तळाशी राहतात. पाणपक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतात, त्यांत शिशाचे लहान तुकडेही गिळले जातात आणि पेषणीत ते झिजून पक्ष्यांना विषबाधा होते. इंग्लंड व वेल्समध्ये राजहंसांच्या मृत्यूंमुळे १९८७ मध्ये गळाच्या बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पाणपक्ष्यांच्या शिकारीतील शिशाचे छरे १९९१ पासून देशभर बंद झाले. महाराष्ट्रात सारस क्रौंच आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातील तलाव व धानाच्या बांध्यांतच उरला आहे, हे लक्षात घेता येथील जाळ्यांच्या संदर्भात हा प्रश्न दुर्लक्षिण्याजोगा नाही.

शिशाऐवजी लोखंडी मणी किंवा साखळी वापरल्यास होणारी गैरसोय समजली जाते तेवढी मोठी नाही. २० ग्रॅ. वजनाचा शिशाचा मणी पाण्यात सु. १८.२ ग्रॅ. भरतो. तेवढेच पाण्यातील वजन मिळण्यास लोखंड केवळ २१ ग्रॅ. लागते; त्याचे आकारमान मात्र शिशाच्या दीडपट होते आणि त्यास गंज लागतो. भाजलेल्या मातीचा मणी सु. ३६ ग्रॅ. वजनाचा घ्यावा लागतो व तो आकाराने शिशाच्या दहापट होतो. त्यामुळे फेकजाळ्यापेक्षा एका जागी लावून ठेवावयाच्या जाळ्यांना तो अधिक सोयीचा पडतो.